जिम सुटते, करार सुटत नाही

जानेवारीत जिमची वर्षभराची फी भरायची, मार्चपर्यंत जाणे थांबायचे आणि पैसे मात्र अडकून राहायचे, हे आता शहरापुरते राहिलेले नाही. आष्टीची मुले शिक्षणासाठी, पोलीस भरतीच्या तयारीसाठी नागपूर, अमरावती, पुण्याला जातात. तिथे ‘आजच भरा, निम्म्या फीत वर्ष’ या सवलतीला भुलून सही करतात. पुढे खोली बदलते, परीक्षा येते किंवा कंबर धरते. जिमवाला पावतीवरच्या ‘फी परत मिळणार नाही’ या ओळीवर बोट ठेवतो. मग सरकारी दवाखान्यात मागणी येते, ‘डॉक्टरसाहेब, व्यायाम बंद असे लिहून द्या.’

आजार खरा असेल तर दाखला देणे आमचे कामच आहे. मणक्यातली चकती सरकली असेल, हृदयविकार निघाला असेल, तर निदान, तपासणीची तारीख आणि कोणता व्यायाम किती काळ टाळायचा हे त्यात स्पष्ट हवे. खोटा दाखला मात्र कुणी मागू नये आणि कुणी देऊ नये. बाहेर पडायला सरळ वाटा आहेत.

जाणे थांबले म्हणून स्वतःला दोष देत बसण्यातही अर्थ नाही. डेलाविन्या आणि माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन जिममधल्या ७,७५२ सदस्यांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक भरणारे सरासरी महिन्यातून चार-पाच वेळाच जात होते. एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून जास्त पडत होते, तर सुट्या पासावर तीच खेप १० डॉलरला मिळत होती. आपण किती नियमित जाऊ याचा अंदाज माणसे जास्तच धरतात आणि वार्षिक सवलत त्याच उत्साहावर विकली जाते.

यात आरोग्याचा धोकाही आहे. तीन-चार महिन्यांच्या खंडानंतर ‘पैसे वसूल’ करायला म्हणून पहिल्याच दिवशी जोर काढला, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातील द्रव्य मूत्रपिंडाला इजा करू शकते. अंग असह्य दुखणे आणि चहाच्या रंगाची लघवी ही त्याची खूण. असे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता सुटकेचे. केवळ मन बदलले म्हणून सगळी फी परत मिळेल, असे कायदा म्हणत नाही. पण सेवेत उणीव असेल, म्हणजे शाखा बंद झाली, कबूल केलेला प्रशिक्षक किंवा यंत्रे नाहीत, तर ‘फी परत नाही’ ही छापील ओळ अंतिम शब्द नसते. झालेल्या नुकसानीशी मेळ नसलेला दंड लावणारा करार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित करारात मोडतो.

पहिले काम, लेखी कळवणे. शेवटचे कधी गेलो, कारण काय, किती महिने उरले, किती रक्कम परत हवी हे ई-मेलने किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवावे. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. जिम पुण्याची असली तरी आष्टीत राहणाऱ्याला वर्ध्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची.

यूपीआयवर ‘ऑटो-पे’ लावले असेल तर ते ॲपमधूनच रद्द करता येते. फी हप्त्यांवर घेतली असेल तर मात्र सावध राहा. ते कित्येकदा जिमचे नव्हे, वित्त कंपनीचे कर्ज असते. जिम सोडली तरी ते चालूच राहते आणि हप्ता चुकवला तर पुढे पीककर्ज किंवा शैक्षणिक कर्ज मागताना आड येते. मोबाइलवरून घेतलेल्या अशा कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. ती मुदत सही करतानाच विचारावी.

नाव मोठे म्हणून पैसे सुरक्षित, असेही नाही. मुंबईच्या नामांकित तळवलकर जिमच्या कंपनीची देणी २०१९ मध्ये थकली, शाखा बंद पडल्या आणि आगाऊ भरलेले सदस्य हात चोळत राहिले. पुढे कोरोनात राज्यातल्या सगळ्याच जिम २०२० च्या मार्चपासून दसऱ्यापर्यंत बंद होत्या. म्हणून पहिले तीन महिने तरी फी महिन्याचीच भरावी. जिमचालकांनीही वैद्यकीय कारण असल्यास उरलेल्या महिन्यांची फी परत देण्याची अट स्वतःहून छापावी. शासनाने तशी सक्ती केली तर अधिक चांगले.

जिम सोडा, व्यायाम सोडू नका. आठवड्याला किमान १५० मिनिटे दमदार चालणे आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, इतकेच जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना सांगते. जोर-बैठका आणि तळेगावच्या रस्त्याने सकाळचा फेरफटका यांना करार लागत नाही.