पोहण्याच्या फुशारक्या आता पुरे

बडोद्यातल्या मराठी घरांत मे महिन्यात आमरसाबरोबर एक वाक्य हमखास वाढलं जातं. "आमच्या वेळी कुठला आलाय स्विमिंग पूल? आम्ही नदीतच पोहायला शिकलो!" कोणी विश्वामित्रीचं सांगतं, कोणी महीचं, कोणी चांदोदच्या घाटाचं. मंडळी, राग आला तरी चालेल, पण हे वाक्य अर्धवट आहे आणि अर्धवट सांगितल्यामुळेच ते पोरांच्या जिवावर उठतं.

गाळलेला अर्धा भाग असा. पाठीला रिकामा डबा नाहीतर सुका भोपळा असायचा. कमरेला दोर असायचा आणि दोराचं टोक काठावरच्या कुणा काकांच्या मुठीत. डबा सुटायला अख्खी सुट्टी जायची. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका असत, नावाडी असत. कुठे खोल आहे आणि कुठे भोवरा आहे ते त्यांना पाठ असायचं, आणि पोरगं पुढे गेलं की ते शिव्या घालून मागे बोलावत. फुशारकी मारताना डबा गळतो, दोर गळतो, काका गळतात. उरतो फक्त सूर मारणारा शूर मुलगा. आणि नातवाला तेवढाच दिसतो.

शिवाय त्या वेळीही मुलं बुडत होतीच. जे बुडाले ते आठवणी सांगायला उरले नाहीत. सांगतो आहोत ते आपण वाचलेले. वाचलेल्यांच्या गोष्टींवरून नदी सुरक्षित होती असं ठरवणं म्हणजे लॉटरी लागलेल्यांना विचारून संसाराचं बजेट आखणं.

आता त्या नद्याच बघा. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते, पण तिच्यात गावाचं सांडपाणी आहे आणि शेकडो मगरी आहेत. उन्हाळा हा मगरींचा अंडी घालण्याचा आणि पिल्लं निघण्याचा काळ. मादी घरट्याजवळ असते आणि जवळ येणाऱ्यावर धावून जाते. म्हणजे आपल्या शहराला नदी आहे, पण तिच्यात पाय घालायची सोय राहिलेली नाही. म्हणून पारा 43 वर गेला की पोरं ॲक्टिव्हावर तिघं-तिघं बसून निघतात महीकडे. सिंधरोट, लांछनपुरा, फाजलपूर.

मही दिसायला साधी. उन्हाळ्यात पात्र अर्धं कोरडं, पाणी गुडघाभर. फसगत तिथेच होते. वरच्या अंगाला कडाणा धरण आहे, वणाकबोरीचा बंधारा आहे. पाणी किती आणि केव्हा सोडायचं ते तिकडे ठरतं. पात्रातली वाळू वर्षानुवर्षं उपसली जाते. वाळू काढली की खड्डा राहतो, त्यात पाणी भरतं, आणि वरून सगळं सारखंच सपाट दिसतं. एक पाऊल गुडघाभर पाण्यात, पुढचं डोक्यावरून. खड्ड्याची कड भुसभुशीत असते, पाय टेकवायला गेलं की ढासळते. बंधाऱ्याच्या खाली तर आणखी वाईट. वरून पडणारं पाणी तळाशी जाऊन परत बंधाऱ्याकडेच वळतं, आणि त्यात सापडलेल्या माणसाला पुन्हापुन्हा आत ओढतं. तिथे पट्टीचा पोहणाराही हरतो.

नर्मदेचंही तेच. चांदोद, गरुडेश्वर ही आपली श्रद्धेची ठिकाणं. टेंबे स्वामींच्या समाधीला जायचं आणि नर्मदास्नान करायचं नाही, हे आपल्या लोकांना पटणं कठीण आहे. पण वर सरदार सरोवर आहे. वीजघर चालू झालं की खालचं पाणी वाढतं. आकाशात ढग नसतो, तरी पाणी चढतं. 2024 च्या मे महिन्यात पोइचाला सुरतहून आलेले सात जण नर्मदेत गेले, त्यात लहान मुलंही होती. तेही नर्मदामैयाच्या भरवशावरच पाण्यात उतरले असतील.

अशी बातमी आली की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली: "नदीला दर वर्षी एक माणूस लागतो." हे तर मला ऐकवतच नाही. वाळूचा खड्डा माणसाने खणला, पाणी माणसाने सोडलं, काठ माणसाने राखणीविना ठेवला आणि दोष नदीच्या भुकेला. दुसरी प्रतिक्रिया: "आजकालची पोरं ऐकत नाहीत, बोर्ड लावलाय ना!" हो, लावलाय. 'अहीं नाहवानी मनाई छे.' बोर्डाला हात नसतात. तो उडी मारत नाही, दोर फेकत नाही. वर पत्र्याची, दोन खोल्यांची घरं, दुपारी भट्टी झालेली, सार्वजनिक तलाव बोटांवर मोजण्याइतके. त्या मुलाला बोर्ड काय अडवणार? बंदीचा हुकूम काढला की जबाबदारी संपली असं मानणारी यंत्रणा आणि फुशारकी मारून मोकळे होणारे आपण, दोघंही काठावर नसतोच.

आणि बुडणारा कधी एकटा नसतो. एक घसरतो, दुसरा त्याला धरायला जातो, तिसरा दोघांना. धुळवडीच्या दिवशी रंग धुवायला गेलेल्या पोरांच्या बातम्या आठवा. बुडणारा सिनेमातल्यासारखा "बचाव, बचाव" ओरडतही नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वासच पुरत नाही, आवाज कुठून येणार? काठावरच्यांना वाटतं, मस्ती चालली आहे. प्राणवायूशिवाय चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. तेवढ्यात शहरातून कोणीही पोचत नाही.

म्हणून नातवाला काही सांगायचंच असेल तर हे सांगा. कोणी बुडताना दिसलं तर पाण्यात उतरायचं नाही. ओढणी, दोर, बांबू, पाच लिटरचा रिकामा बंद कॅन, जे हाताशी असेल ते फेकायचं. ओरडून माणसं जमवायची, 108 ला फोन करायचा. बाहेर काढल्यावर उलटं टांगायचं नाही, पोट दाबायचं नाही. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायची, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. हे एका रविवारी सकाळी शिकता येतं. आपल्या मंडळांच्या हळदीकुंकवाच्या आणि गणपतीच्या कार्यक्रमांत याला दोन तास निघत नाहीत का?

पण खरी मागणी याहून मोठी आहे. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानात लागू केला. लोक तेव्हाही म्हणत असतीलच की पोरांना शिकायचं असेल तर शिकतील, सक्ती कशाला. त्याच शहरात जुम्मादादा व्यायाम मंदिर उभं राहिलं, प्राध्यापक माणिकरावांनी पिढ्या घडवल्या. त्या शहराला प्रत्येक शाळकरी मुलाला पोहायला शिकवणं जमू नये? बांगलादेशात गावच्या तळ्यात बांबूचा मचाण बांधून मुलांना पोहायला आणि दुसऱ्याला वाचवायला शिकवतात. संगमरवरी तलाव लागत नाही. कमरेएवढं स्वच्छ पाणी, शिकवणारा माणूस आणि काठावर लक्ष ठेवणारा दुसरा, एवढं पुरतं. आणि महीच्या ज्या चार-पाच ठिकाणी लोक जातातच, तिथे मार्च ते जून पगारी जीवरक्षक, खोलीच्या खुणा आणि दोर बांधलेली टायर हवीत.

देशात 2022 या एका वर्षात बुडून मेलेल्यांची सरकारी नोंद 38 हजारांच्या वर आहे. प्रत्येक नोंदीमागे एक घर आहे.

तेव्हा या सुट्टीत पुन्हा ते वाक्य तोंडावर आलं तर पुरतं सांगा, डब्यासकट, दोरासकट, काकांसकट. आणि आज तो दोर धरायला आपल्यातलं कोण जाणार आहे, तेही तिथेच ठरवा.