खाली उघडणारे दार

१/ तळाच्या संघाला श्रेणीबाहेर काढणे निर्दय आहे, असे पुष्कळांना वाटते. इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीचा १९८६-८७चा हंगाम अभ्यासला, तर त्यात न्याय दिसतो.

२/ त्याआधी तळाच्या चार संघांचे भवितव्य लीगच्या सभेत मतदानाने ठरे, आणि मतदार असत लीगमधलेच क्लब. साहजिकच जुन्या सोबत्यांना सांभाळून घेतले जाई. १९८० साली लीगबाहेरच्या स्पर्धेचा विजेता ऑल्ट्रिंचम अवघ्या एका मताने दाराबाहेर राहिला. तळाचा रॉचडेल तगला.

३/ १९८७पासून शेवटचा संघ थेट बाहेर आणि बाहेरचा पात्र विजेता थेट आत, असा नियम झाला. ९ मे रोजी, अखेरच्या दिवशी, तळाशी होता बर्नली: १८८८च्या बारा संस्थापकांपैकी एक, दोन वेळचा इंग्लंडविजेता.

४/ बर्नलीने ओरिएंटला २-१ असे हरवले. टॉर्कीच्या खेळाडूला पोलिसांचा कुत्रा चावला; त्यामुळे वाढलेल्या वेळेत टॉर्कीने बरोबरी साधली. स्वॉन्सीत हरलेला लिंकन सिटी बाहेर गेला, स्कार्बरो आत आला.

५/ पुढच्याच वर्षी लिंकन बाहेरची स्पर्धा जिंकून परतला. त्यासाठी त्याला कोणापुढेही मतांची झोळी पसरावी लागली नाही. बर्नलीलाही पूर्वपुण्याई कामी आली नाही. तो खेळून वाचला. घसरणीचे भय काढून टाकणारी स्पर्धा खालच्यांची आशाही काढून घेते. म्हणूनच खाली जाण्याचे दार उघडे असलेले बरे. वर येणाऱ्यालाही तेच दार लागते.