निरोगी माणसांनी पुढे यावे; पण कोणी?

रोग्याने औषधासाठी वैद्याकडे जावे हे सर्वांस समजते. परंतु ज्यास कसलाही विकार नाही अशा धडधाकट माणसाने रुग्णालयात जाऊन आपले रक्त काढू द्यावे, किंवा नव्या लसीची सुई टोचून घ्यावी, असे म्हटले की आमचे लोक हसतात तरी किंवा भितात तरी. तराजू खरा की खोटा हे पाहण्यास आधी प्रमाण वजन लागते, हे यवतमाळच्या कापूसबाजारात कोणास सांगावयास नको. रोगप्रतिकारशक्तीचेही तसेच आहे. निरोगी देहात श्वेतपेशी किती असतात, लस टोचल्यावर प्रतिपिंडे कधी उत्पन्न होतात व किती काळ टिकतात, हे ठाऊक नसेल तर रोग्याच्या देहात काय बिघडले ते ठरवावयाचे कशावरून?

हा भार आजवर कोणी वाहिला? मुंबईत प्लेगचा कहर चालू असता डॉ. हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्या धैर्यास तोड नाही. परंतु त्यामागून लवकरच ती टोचली गेली भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांस. ते स्वखुषीने पुढे आले म्हणतात. पण बाहेर प्लेग आणि दारास कुलूप, अशा माणसाची खुषी ती कितीशी! पुढे 2009 साली खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीच्या योजनेत आदिवासी वसतिगृहांतील मुलींच्या वतीने अधीक्षकांनीच सह्या केल्या. 2010 साली ती योजना थांबली व 2013 साली संसदीय समितीने तिजवर कडक ताशेरे ओढले.

आमच्या जिल्ह्यात विश्वासाची पुंजी मुळातच थोडी. 31 जानेवारी 2021 रोजी घाटंजी तालुक्यातील कापसीकोपरी येथे 12 बालकांस पोलिओच्या थेंबांऐवजी हाताचे सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले बचावली. परंतु अशा गावात जाऊन ‘भिऊ नका’ एवढेच सांगणे ही थट्टा होय.

म्हणून आमचे म्हणणे असे की, अशा संशोधनासाठी हाक येईल तेव्हा पहिली नावे वकील, शिक्षक व व्यापारी यांची असावी. पोडावरच्या कोलामाचे किंवा रोजंदारीच्या मजुराचे नसावे. ज्यास प्रश्न विचारता येतो त्याने आधी विचारावे. 2019 च्या नियमांप्रमाणे औषधाच्या वा लसीच्या चाचणीत अपाय झाल्यास मोफत उपचार व भरपाई देणे बंधनकारक आहे, आणि चाचणीतून केव्हाही, कारण न देता, बाहेर पडता येते. प्रवासखर्च व बुडालेली मजुरी अवश्य द्यावी. मात्र भुकेल्यास धोका दिसेनासा व्हावा इतके द्रव्य पुढे करू नये. संमतिपत्र मराठीत नसेल तर सही न करता परत करावे. कोलामी वा गोंडी बोलणारा पुढे आला तर त्याच्या बोलीत ते वाचून दाखवावे, आणि घरी जाऊन चार माणसांशी बोलण्यास त्यास एक रात्र तरी द्यावी.