विश्लेषण : रस्ता एक, धोके अनेक, अपघातांची सरासरी काय लपवते?

२४ जानेवारी २०२२ ची रात्र. देवळी-वर्धा मार्गावर सेलसुरा येथे मोटार पुलावरून खाली कोसळली आणि सावंगी (मेघे) येथील सात वैद्यकीय विद्यार्थ्यांचा जीव गेला. अख्खा जिल्हा हळहळला. असा अपघात झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : वेग किती होता?

प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाला. महाराष्ट्रात हा आकडा १५ हजारांवर होता. देशातील सुमारे ७१ टक्के मृत्यूंची नोंद 'अतिवेग' या एकाच कारणाखाली आहे. पण त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गेलेली हजारो वाहने सुखरूप पोहोचतात. मग फरक कुठे पडतो?

सरासरी कुठे फसवते?

समृद्धी महामार्गाचे उदाहरण घ्या. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग वर्धा जिल्ह्यातूनही जातो. येळाकेळी आणि विरूळ येथे त्याला प्रवेशमार्ग आहेत. रस्ता रुंद आणि लांबच लांब सरळ. नागपूरच्या 'व्हीएनआयटी'च्या अभ्यासात या मार्गावरील 'हायवे हिप्नॉसिस'कडे लक्ष वेधले गेले. डोळे उघडे, हात स्टेअरिंगवर, पण एकसुरी रस्त्यामुळे मेंदू गुंगीत, अशी ही अवस्था.

आता समजा, सरळ रस्त्यामुळे ताज्यातवान्या चालकांचे १० अपघात टळले आणि थकलेल्या चालकांचे १० अपघात वाढले. बेरीज-वजाबाकी शून्य. सरासरी म्हणेल, सरळ रस्त्याचा अपघातांवर परिणामच नाही. प्रत्यक्षात परिणाम दोन्हीकडे झाला, फक्त कागदावर तो पुसला गेला.

मग थकव्याची नोंद का करत नाहीत?

चालक किती तास जागा होता, त्याचे लक्ष कुठे होते, हे अपघातानंतर नेमके कळणे अवघड. अनेकदा सांगायला तो उरतही नाही. अशा नोंदीत न येणाऱ्या फरकांना संख्याशास्त्रात 'अदृश्य भिन्नता' म्हणता येईल. फ्रेड मॅनरिंग, व्यंकी शंकर आणि चंद्रा भट या अभ्यासकांनी २०१६ मध्ये याच विषयावर सविस्तर शोधनिबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा की, हे फरक दुर्लक्षित केले तर निष्कर्ष चुकू शकतात आणि त्यावर बेतलेले उपायही.

मॉडेल नेमके काय करते?

जुनी पद्धत प्रत्येक कारणाला एकच आकडा देते. 'रँडम पॅरामीटर' मॉडेल त्याऐवजी आकड्यांचा पट्टा देते. म्हणजे एखाद्या उपायाने किती टक्के ठिकाणी धोका कमी होतो आणि किती ठिकाणी उलट वाढतो, याचा अंदाज मिळतो. 'लेटंट क्लास' मॉडेल नोंदींमधून सारख्या वागणाऱ्या अपघातांचे छुपे गट शोधते.

अर्थात ही जादू नाही. मॉडेल कुणाची झोप मोजत नाही. इथे काहीतरी दडले आहे, एवढाच इशारा ते देते. शोध माणसांनाच घ्यावा लागतो.

वर्ध्याला याचा उपयोग काय?

राष्ट्रीय महामार्गावर ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले, की तो 'ब्लॅक स्पॉट' ठरतो. म्हणजे उपायाआधी मृत्यूंची मोजदाद. जाममार्गे हिंगणघाटकडे जाणारा जड वाहनांचा मार्ग, कारंजा-तळेगावचा महामार्ग आणि समृद्धी या तिघांचे स्वभाव वेगळे आहेत. तिन्हींवर वेगमर्यादेचा एकच फलक ठोकून भागणार नाही.

अपघातांच्या नोंदी आता 'आयरॅड' या डिजिटल प्रणालीत होतात. त्या नोंदी संख्याशास्त्रज्ञांना तपासू द्याव्यात आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने प्रत्येक टप्प्याचा निर्णय त्यावरून घ्यावा. कुठे विश्रांतीचा थांबा लागेल, कुठे पुलाचा कठडा, कुठे कॅमेरा, याचे उत्तर सरासरीत मिळणार नाही. 'चालकाची चूक' असा शेरा मारून फाइल बंद करणे सोपे असते. पण त्याने पुढचा अपघात टळत नाही.