भाडोत्री कोणाला म्हणायचं?

फुटबॉलच्या गप्पांमध्ये एक शब्द मला नेहमी खटकतो, तो म्हणजे ‘भाडोत्री’. एखाद्या क्लबने दुसऱ्या क्लबकडून लोनवर खेळाडू आणला की कँटीनमध्ये, बसस्टॉपवर, गावच्या मैदानाच्या कठड्यावर कोणी ना कोणी हा शब्द काढतोच. म्हणणं असं, की हा सहा महिन्यांचा पाहुणा. याच्या गोलांवर टीम वरच्या लीगमध्ये गेली तरी ते यश आपलं नव्हे. आणि दुसऱ्या बाजूचे तितक्याच जोरात म्हणतात, ‘जिंकलो ना? मग तो कुठला कोण, आपल्याला काय करायचंय?’

मला ही दोन्ही मतं अर्धवट वाटतात. आपल्या कॉलेजात फुटबॉलवर तावातावाने बोलणारे पुष्कळ, पण लिहिणारे कमी, म्हणून मंडळाच्या अंकात हा विषय मांडतोय. उदाहरण मात्र मँचेस्टर-लिव्हरपूलचं घेत नाही. स्विंडनचं घेतो.

स्विंडन का, हे गोव्यातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेल्या गोंयकारांची सर्वांत मोठी वस्ती ज्या गावांत आहे, त्यांत स्विंडनचं नाव पहिलं येतं. आमच्या वाड्यावरचीही माणसं तिथे आहेत. एकेकाळचं हे रेल्वे कारखान्याचं शहर. तिथला क्लब स्विंडन टाउन. १९६९ मध्ये तिसऱ्या श्रेणीत असताना या क्लबने वेंब्लीवर आर्सेनलला ३-१ असं हरवून लीग कप जिंकला होता. १९९३-९४ चा एकच हंगाम तो प्रीमियर लीगमध्ये खेळला, शंभर गोल खाल्ले आणि खाली आला. त्यानंतर घसरत घसरत तो चौथ्या श्रेणीत, म्हणजे लीग टूमध्ये पोचला.

आता २०१९-२० चा हंगाम बघा. स्विंडनला वर जायचं होतं आणि त्यासाठी गोल करणारा माणूस हवा होता. तो त्यांनी ब्रॅडफर्ड सिटीकडून लोनवर आणला. त्याचं नाव ओवेन डॉयल, आयर्लंडचा, वय ३१. यातली गंमत अशी की ब्रॅडफर्डसुद्धा त्याच लीगमध्ये खेळत होती. म्हणजे आपला स्ट्रायकर आपल्याच स्पर्धकाच्या हातात दिला! जोडीला रॉदरहॅमचा जेरी येट्स हा दुसरा स्ट्रायकर आणि स्वॉन्झीचा तरुण गोलरक्षक स्टीव्हन बेंडा, हे दोघेही लोनवरच. पुढे गोल करणारे दोन आणि मागे गोल अडवणारा एक, तिघेही ‘पाहुणे’.

लोन म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात सांगतो. खेळाडूचा मूळ करार पहिल्या क्लबकडेच राहतो. पगार कोणी किती द्यायचा ते दोन क्लब आपसांत ठरवतात. बऱ्याचदा जानेवारीत परत बोलावण्याचं कलम असतं. मूळ क्लबविरुद्ध त्याला सहसा खेळता येत नाही. आणि इंग्लंडच्या या लीगमध्ये एका सामन्याच्या चमूत जास्तीत जास्त पाच जणच लोनवरचे असू शकतात. हा नियम महत्त्वाचा आहे, कारण कायद्यालाच ठाऊक आहे की उसनवारीवर अख्खी टीम उभी करणं बरं नव्हे.

डॉयलने पहिल्या अर्ध्या हंगामात २३ गोल केले. सामन्यामागून सामने तो गोल करतच गेला. स्विंडन गुणतक्त्यात वर चढली. आणि जानेवारी २०२० उजाडताच ब्रॅडफर्डने कलमावर बोट ठेवून त्याला परत बोलावलं.

अशा वेळी चाहत्यांमध्ये जो वाद होतो, तो कुठल्याही देशात सारखाच असतो. एक गट म्हणतो, ‘सांगितलं होतं ना, दुसऱ्याच्या खेळाडूवर भरवसा नको.’ दुसरा गट म्हणतो, ‘पैसे टाका आणि त्याला विकतच घ्या.’ तिसरा गट डावपेचांवर येतो. वेलेन्स हे स्विंडनचे मॅनेजर. गोलरक्षकापासून छोटे पास देत, बॉल पायात ठेवून पुढे जायचं, हा त्यांचा आग्रह. हा खेळ एका माणसावर अवलंबून असतो का? की त्या जागी दुसरा कोणी आला तरी बॉल तसाच पेटीपर्यंत पोचेल?

मला विचाराल तर खरा प्रश्न या तिसऱ्या गटाचा आहे. डॉयल वेगाने तीन बॅकना चकवणारा खेळाडू नव्हता. पेटीत योग्य जागी उभं राहायचं आणि मिळालेली संधी वाया घालवायची नाही, हे त्याचं काम. त्याला ती संधी देणारे बाकीचे दहा जण होते. म्हणून त्याचे गोल ‘उसने’ होते असं म्हणणं म्हणजे त्या दहा जणांची मेहनत नाकारणं. शेजाऱ्याकडून नांगर आणला म्हणून पीक शेजाऱ्याचं होत नाही. जमीन आपली, घाम आपला.

पुढे काय झालं? जानेवारी संपता संपता स्विंडनने डॉयलला विकत घेतलं. मार्चमध्ये करोनामुळे सामने थांबले. जूनमध्ये लीगने सरासरी गुणांवर निकाल लावला. स्विंडन आणि क्रू या दोघांचेही गुण ६९. पण स्विंडनचे सामने ३६ आणि क्रूचे ३७. त्या एका कमी सामन्यामुळे स्विंडनची सरासरी जास्त भरली आणि ती विजेती ठरली. डॉयल २५ गोलांसह लीगचा अव्वल स्कोअरर. बढती मिळाली, पण स्टेडियम रिकामं.

गोष्ट इथे संपली असती तर ‘जिंकलो ना?’ म्हणणाऱ्यांचं बरोबर ठरलं असतं. पण त्याच उन्हाळ्यात डॉयल बोल्टनला गेला. येट्स रॉदरहॅमहून ब्लॅकपूलकडे गेला. बेंडा स्वॉन्झीला परतला. नोव्हेंबरमध्ये वेलेन्सही दुसरीकडे गेले. आणि २०२०-२१ च्या शेवटी हिशेब असा झाला: डॉयलची बोल्टन एक श्रेणी वर गेली, येट्सची ब्लॅकपूल एक श्रेणी वर गेली, आणि स्विंडन पुन्हा खाली आली.

आता यातून कोणता धडा घ्यायचा? ‘लोन वाईट’ हा धडा मला पटत नाही. कारण नीट बघा, डॉयलला तर विकत घेतलं होतं. कागदावर तो पूर्णपणे स्विंडनचा झाला होता, तरीही सहा महिन्यांत गेला. म्हणजे ‘आपला’ आणि ‘भाडोत्री’ यांतला जो फरक आपण छातीठोकपणे सांगतो, तो कागदावर नसतोच. खोट होती ती वेगळ्या ठिकाणी. वर गेल्यावर या तिघांच्या जागी कोण, याचं उत्तर क्लबकडे नव्हतं. दोष पाहुण्याचा नाही. पाहुणा जाणार हे माहीत असूनही घरात दुसरं पान न मांडणाऱ्या यजमानाचा आहे.

आता जरा आपल्या घरी येऊ. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा ती जेमतेम दोन-अडीच महिन्यांची स्पर्धा होती. आय-लीगच्या क्लबांनी आपले खेळाडू त्या काळापुरते लोनवर दिले. एफसी गोवाच्या पहिल्या टीममध्ये धेंपोची किती मुलं होती आठवतंय? कट्टीमणी, मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिस, क्लिफर्ड मिरांडा. झिकोच्या हाताखाली ती टीम उपांत्य फेरीपर्यंत गेली. फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये त्यांना कोणी भाडोत्री म्हणालं नाही. आणि २०१५ मध्ये हाच रोमिओ धेंपोकडून ब्राझीलच्या अत्लेतिको परानाएन्सेकडे लोनवर गेला, तेव्हा तर आपली मान ताठ झाली. ‘आमचा असोळण्याचा पोर ब्राझीलमध्ये!’ तिथल्या एखाद्या चाहत्याने त्याला भाडोत्री म्हटलं असतं तर आपल्याला कसं वाटलं असतं?

म्हणजे आपला मुलगा लोनवर बाहेर गेला तर अभिमान, आणि बाहेरचा मुलगा लोनवर आपल्याकडे आला तर भाडोत्री. हा दुटप्पीपणा आहे, आणि तो फक्त फुटबॉलपुरता नाही. स्विंडनमधली आपली माणसं गोदामांत, कारखान्यांत शिफ्ट करतात. बरेच जण एजन्सीमार्फत कामाला असतात, म्हणजे काम एकाचं आणि करार दुसऱ्याशी. गरज संपली की ‘उद्यापासून येऊ नका’. ती माणसं तात्पुरती आहेत म्हणून त्यांनी भरलेली खोकी तात्पुरती नसतात. इथेही आपल्या बांधकामांवर, हॉटेलांत, जाळी ओढायला ट्रॉलरवर बाहेरच्या राज्यांतली माणसं येतात, आणि त्यांच्याबद्दल आपण कोणते शब्द वापरतो ते आपल्याला ठाऊक आहे. जो शब्द आपल्या माणसाला लावलेला आपल्याला सोसणार नाही, तो दुसऱ्याच्या माणसालाही लावू नये.

पण म्हणून डोळे मिटून लोनचं कौतुक करा, असंही मी म्हणत नाही. आमच्या भागात गावागावांच्या स्पर्धा असतात. बक्षिसाची रक्कम वाढली तसे बाहेरून पैसे देऊन खेळाडू आणायची पद्धतही वाढली. एका वर्षी आमच्या टीमने मधल्या फळीत तिघे बाहेरचे आणले. वर्षभर पावसात सराव केलेली दोन पोरं सगळी स्पर्धा बाकावर बसली. टीमने चषक आणला, मिरवणूकही निघाली. पुढच्या वर्षी ती दोन्ही पोरं सरावाला आली नाहीत. बाहेरचे तिघे तर येणारच नव्हते. त्यांच्यावर माझा राग नाही, ते चांगले खेळले. पण ज्यांनी त्यांना आणलं, त्यांनी त्या दोघांचा विचार करायला हवा होता.

बढतीच्या ध्यासात हेच होतं. वर जाणं हेच सर्वस्व वाटू लागतं. पण वर गेल्याने सगळं सुटत नाही, हे धेंपोच्या चाहत्यांइतकं कोणाला कळणार! पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला हा क्लब २०१५ मध्ये आय-लीगमधून खाली गेला. पुढच्याच हंगामात दुसरी श्रेणी जिंकून बढती कमावली. आणि २०१६ मध्ये देशातल्या लीगच्या नव्या रचनेला विरोध म्हणून साळगावकर आणि स्पोर्टिंगबरोबर बाहेर पडला. मैदानावर कमावलेली बढती वापरलीच गेली नाही. आय-लीगमध्ये परत यायला त्याला २०२४ उजाडलं. मधल्या वर्षांत गोव्याच्या मैदानांवर हा क्लब जिवंत राहिला तो ज्युनिअर टीमांमुळे, प्रशिक्षणामुळे. एखाद्या मोठ्या सहीमुळे नव्हे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आपला क्लब लोनवर कोणी आणतो तेव्हा चाहत्यांनी ‘तो आपला की परका’ यावर घसा कोरडा करू नये. तीन साधे प्रश्न विचारावेत. पहिला, हा आल्याने आपला कोणता मुलगा बाकावर जाणार आणि त्याला खेळायला कधी मिळणार? दुसरा, उद्या याला परत बोलावलं तर आपली खेळाची पद्धत टिकेल का, की सगळे बॉल अजूनही त्याच्याच रिकाम्या जागेकडे जात राहतील? तिसरा, हंगाम संपल्यावर काय? या तिन्हींची उत्तरं क्लबकडे असतील तर लोन ही शहाणपणाची गोष्ट आहे. दुखापत झाली, जागा रिकामी पडली, अनुभव हवा होता, म्हणून मदत घेतली. त्यात लाज कसली? उत्तरं नसतील तर विकत घेतलेला खेळाडूही उसनाच.

हे प्रश्न क्लबच्या मालकांना विचारायचे आहेत, त्या खेळाडूला नव्हे. त्याने आपली जर्सी घातली, नव्वद मिनिटं धावला, की त्या नव्वद मिनिटांपुरता तो पूर्ण आपला. त्याच्या गोलावर मनापासून ओरडा. तो परत जाईल तेव्हा टाळ्या वाजवून निरोप द्या. आणि मग मैदानाच्या कडेला बूट बांधून बसलेल्या आपल्या पोराकडे वळून बघा, कारण पुढचा सामना त्याला खेळायचा आहे.