प्रसूतिवेतन हे कर्ज नव्हे
इंदूरला लालबाग म्हणजे होळकरांचा राजवाडा. मुंबईला लालबाग म्हणजे गिरणगाव. पण गिरण्या दोन्ही शहरांत होत्या आणि त्यांत राबणाऱ्या स्त्रियाही. अशा स्त्रियांसाठीच मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला. आता प्रश्न विचारला जातो तो असा की, प्रसूतिरजेनंतर जी स्त्री कामावर परतत नाही, तिने रजेतील वेतन मालकास परत करावे काय?

१९६१ च्या कायद्याने अट घातली ती प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याची. पुढे परतण्याची नव्हे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तीच अट कायम ठेवली आहे. म्हणजे हे वेतन आधीच्या श्रमाने मिळविलेले असते, उसने घेतलेले नसते. कायद्याहून अधिक रक्कम मालकाने करारपूर्वक दिली असेल, तर तिचा विचार वेगळा.

२६ आठवड्यांचा भार एकट्या लहान मालकास जड जातो, ही तक्रार मात्र खोटी नाही. त्यावर उपाय राज्य कामगार विमा योजनेसारखा सर्वांच्या वर्गणीचा निधी हा आहे. बाळंतिणीच्या हाती वसुलीची नोटीस देणे हा खचितच नव्हे.