सिनेमाचं संगीत फक्त गाण्यांपुरतं नसतं! जळगावच्या बहिणाबाईंच्या गाण्यांवरून समजून घ्या

फोनवर 'शोले' लावा. जय माऊथ ऑर्गन वाजवतोय आणि समोर राधा एकेक दिवा मालवतेय, तो प्रसंग काढा. आता आवाज पूर्ण बंद करा.

काय उरलं? एक माणूस बसलाय, एक बाई दिवे विझवतेय. दोघं एकमेकांशी शब्दही बोलत नाहीत. त्यांच्यात जे काही आहे, ते सगळं आर. डी. बर्मन यांच्या त्या छोट्याशा सुरावटीत आहे. आपण मात्र सिनेमाचं संगीत म्हणजे गाणी एवढंच धरून चालतो.

संगीत नेमकं करतं काय?

पहिलं काम, काय वाटायला हवं ते सांगणं. १९६० च्या 'सायको'मधला बाथरूमचा प्रसंग हिचकॉक यांना संगीताशिवाय हवा होता. संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी तरीही व्हायोलिनच्या किंचाळ्या लिहिल्या. त्या ऐकल्यावर हिचकॉक यांनी मत बदललं.

दुसरं काम, आधीच इशारा देणं. 'जॉज'मध्ये शार्क दिसण्याआधी दोन जाड सूर ऐकू येतात आणि पोटात गोळा येतो.

तिसरं काम सगळ्यात अवघड, गप्प बसणं. 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसमध्ये ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. गाण्यांवर थिएटरात लोक नाचले. पण शेवटी ते लहान मूल बाहेर पडतं तेव्हा पडद्यावर आवाजच नाही. आधी एवढं वाजलं होतं, म्हणूनच ती शांतता अंगावर येते.

जळगावचं उदाहरण

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर काम करता करता त्यांना ओव्या सुचायच्या. त्या १९५१ मध्ये गेल्या. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपात आली. पुढे १९६१ मध्ये अनंत माने यांच्या 'मानिनी' सिनेमात वसंत पवार यांनी त्यातल्या काही गाण्यांना चाली दिल्या. 'अरे संसार संसार' त्यातलंच. शब्द खान्देशी बोलीचेच राहिले आणि रेडिओवरून महाराष्ट्रभर गेले. आज सिनेमाचं नाव अनेकांना आठवत नाही, गाणं मात्र पाठ असतं.

इथं माझी एक चूक सांगतो. माझी आजी हेच गाणं गुणगुणायची, पण संथ, वेगळ्याच चालीत. इंजिनीअरिंगला होतो, शहाणपणा अंगात होता. म्हटलं, "आजी, चाल चुकतेय तुझी." ती हसली. "चुकत नाही रे भाऊ, जात्यावर अशीच म्हनतात."

तिचं बरोबर होतं. जात्यावरच्या ओवीचा वेग हात ठरवतो. दाणे घालायला हात थांबला की सूरही थांबतो. सिनेमातली चाल पडद्यावरच्या प्रसंगासाठी बांधलेली असते. तिथं गाणं ऐकून प्रेक्षकाचे डोळे भरतात. आजीच्या चालीत रडणं नव्हतं, रोजचं काम होतं. शब्द तेच, अर्थ वेगळा.

म्हणून माझं मत दुहेरी आहे. सिनेमाच्या संगीताने बहिणाबाईंना घराघरांत नेलं, हे उपकारच. पण एकच चाल इतकी पक्की बसली की बाकीच्या चाली आपल्याला चुकीच्या वाटायला लागल्या. आजी आता नाही. तिची चाल मी रेकॉर्ड केली नाही. फोन तेव्हाही खिशातच होता.

मग आपण काय करायचं?

- सिनेमा फोनवर बघणार असाल तर हेडफोन लावा. छोट्या स्पीकरमधून 'जॉज'सारखे जाड सूर नीट येतच नाहीत.
- आवडता प्रसंग एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून ऐका.
- शेवटच्या नावांना 'पुढे' दाबू नका. संगीतकाराचं आणि वादकांचं नाव तिथंच असतं.
- आणि जळगाव, धुळ्यात घरी कुणी आजी, मावशी, आत्या अजून ओव्या म्हणत असेल, तर आज संध्याकाळी तिच्यासमोर फोन ठेवा आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबा. चाल दुरुस्त करायला जाऊ नका.